एक्क्याण्णव माणसांचं शहर

कॅनडाच्या २०२१च्या जनगणनेत युरेनियम सिटी या नावापुढे ९१ हा आकडा आहे. २०१६मध्ये तो ७३ होता. पाच वर्षांत २४.७ टक्के वाढ! टोरांटो किंवा मॉन्ट्रियल या वेगानं वाढलं असतं तर सरकारला धडकी भरली असती. इथे प्रत्यक्षात वाढली ती अठरा माणसं. त्याच जनगणनेत आणखी एक नोंद आहे आणि या वस्तीची कथा तिच्यातून जास्त कळते : गावात ८५ घरं आहेत, त्यांपैकी ४३ घरांतच कुणी कायमचं राहतं. म्हणजे जवळजवळ निम्म्या घरांत बारमाही बिऱ्हाड नाही.

नाव शहराचं, वस्ती एखाद्या वाडीएवढी. पण चाळीसहून जास्त वर्षांपूर्वी इथे खरोखरच शहर होतं. शाळा, इस्पितळ, दुकानं, हॉटेलं, सगळं होतं. तेव्हाची लोकसंख्या कुठे अडीच हजार दिलेली आढळते, तर कुठे पाच हजारांच्या जवळ. खाणीच्या गावात माणसांची सतत ये-जा असते, त्यामुळे कोणाला मोजायचं आणि कुठवर मोजायचं यावर आकडा बदलतो. अडीच हजार धरले तरी शंभरातली चारच माणसं उरली. ती का उरली आणि बाकीची का गेली, हे समजून घ्यायचं तर आधी जागा पाहायला हवी.

सॅस्कॅचेवान हा कॅनडाचा गव्हाचा प्रांत. त्याच्या दक्षिण भागात नजर पोहोचेल तिथवर शेती आहे. उत्तरेकडे सरकत गेलं की शेती संपते, मग सूचिपर्णी जंगल लागतं, मग जंगलापेक्षा पाणी जास्त दिसू लागतं. अगदी वरच्या टोकाला अथाबास्का सरोवर पसरलेलं आहे. लांबी सुमारे २८० किलोमीटर, जास्तीत जास्त रुंदी ५० किलोमीटर, क्षेत्रफळ ७,८५० चौरस किलोमीटर. मुंबई शहर आणि उपनगरं मिळून जेवढी जागा व्यापतात, तिच्या सुमारे तेरापट हे पाणी आहे. दक्षिण किनाऱ्यावर वालुकाश्म झिजून तयार झालेल्या वाळूच्या टेकड्या शंभरेक किलोमीटर पसरल्या आहेत. उत्तर किनाऱ्यावर मात्र पृथ्वीवरच्या अतिप्राचीन खडकांपैकी एक, कॅनडाचा ढालप्रदेश, उघडा पडलेला. या उत्तर किनाऱ्यालगत, मार्टिन आणि बीव्हरलॉज या लहान सरोवरांच्या जवळ युरेनियम सिटी वसलेली आहे. प्रांताची उत्तर सीमा इथून पन्नासेक किलोमीटरवर आहे. दक्षिणेकडचं प्रिन्स अल्बर्ट हे शहर मात्र साडेसातशे किलोमीटरहून दूर. डिसेंबरच्या अखेरीस दिवस जेमतेम सहा तासांचा असतो, जूनमध्ये जवळपास एकोणीस तासांचा. जानेवारीचं सरासरी तापमान उणे २५ अंशांच्याही खाली उतरतं.

बारमाही रस्ता नाही. एरवी विमान, आणि हिवाळ्यात सरोवराच्या बर्फावरून काढलेला तात्पुरता मार्ग. हा बर्फाचा रस्ता म्हणजे गोठलेल्या पाण्यावर गाडी घालणं एवढंच नसतं. तो तयार करावा लागतो. वर पडलेला भुसभुशीत बर्फ गोधडीसारखं काम करतो आणि खालच्या पाण्याची ऊब धरून ठेवतो. म्हणून आधी तो बाजूला लोटतात, मगच थंडी खाली शिरते आणि बर्फाची जाडी वाढत जाते. साध्या मोटारीला तीसेक सेंटिमीटर जाडीचा टणक बर्फ पुरतो, माल भरलेल्या मोठ्या ट्रकला मीटरभराच्या आसपास लागतो. आणि गाडी हळू हाकावी लागते. जड वाहनाच्या भारानं बर्फ किंचित खाली वाकतो, त्याखालच्या पाण्यात लाट उठते, आणि वाहन त्या लाटेच्या वेगानं धावलं तर लाट बर्फ फोडू शकते. वर्षभराचं जड सामान आणायला असा रस्ता मिळतो तो थोडे आठवडेच.

अशा ठिकाणी माणसं मोजायची कशी? कॅनडात जनगणनेचा दिवस मे महिन्यात येतो. पण उत्तरेकडच्या दुर्गम वस्त्यांत प्रगणक फेब्रुवारीपासूनच फिरू लागतात, कारण वसंत ऋतूत बर्फ सैल होतो, वाटा बंद होतात आणि लोक मासेमारी-शिकारीसाठी घराबाहेर पडतात. आपल्याकडेही २०११ची जनगणना देशभर फेब्रुवारीत झाली, पण हिमालयातल्या बर्फाच्छादित भागांत ती आदल्या सप्टेंबरमध्येच उरकली होती. आपले प्रगणक बर्फ पडण्याआधी जातात, तिथले बर्फ वितळण्याआधी. दोन्हीकडे वेळापत्रक हवामान ठरवतं.

मोजून झालं की दुसरी अडचण येते. शेपन्नास माणसांच्या गावात 'पासष्टीपुढच्या विधवा स्त्रिया : एक' असं छापलं, तर ती कोण हे सगळ्या गावाला कळतं. म्हणून कॅनडाचं सांख्यिकी खातं तपशिलाचे आकडे जसेच्या तसे देत नाही. ते पाचाच्या किंवा दहाच्या पटीत, मुद्दाम यदृच्छेनं, वर किंवा खाली सरकवतात. वस्ती चाळीसच्या आत असेल तर एकूण संख्येपलीकडचा बहुतेक तपशील दडवून ठेवतात. मला ही पद्धत मनापासून पटते. पण तिची किंमत या गावांना मोजावी लागते. उत्पन्न, शिक्षण, घरांची अवस्था यांचे आकडेच धूसर असले की डॉक्टर हवा, शिक्षक हवा, हे सरकारला पटवून द्यायला हातात फारसं काही उरत नाही.

खाणीच्या फार आधीपासून या सरोवराकाठी डेने लोक राहत आले आहेत. कॅरिबू हरणांचे कळप हिवाळ्यात उत्तरेच्या उघड्या टुंड्रातून जंगलाकडे येतात. त्या कळपांवर आणि सरोवराच्या माशांवर डेन्यांचं जीवन उभं होतं. सरोवराच्या पश्चिम टोकाला १७८८मध्ये फोर्ट चिपेवायन हे फरच्या व्यापाराचं ठाणं आलं. १८९९मध्ये कॅनडा सरकारनं इथल्या जमातींशी आठव्या क्रमांकाचा करार केला. सरोवराच्या पूर्व भागातली फॉन-डू-लाक ही डेने वस्ती आजही मोठी आणि जिती आहे. युरेनियम सिटीच्या पश्चिमेला कॅमसेल पोर्टेज नावाची तिच्याहूनही लहान वस्ती आहे. प्रांतातली सर्वांत उत्तरेची म्हणून ती ओळखली जाते. खाणीचं शहर या दोन जुन्या वस्त्यांच्या मधोमध येऊन उभं राहिलं.

सुरुवात सोन्यानं झाली. १९३४मध्ये उत्तर किनाऱ्यावर सोन्याचा माग लागला आणि गोल्डफील्ड्स नावाचं गाव उभं राहिलं. बॉक्स नावाची खाण १९३९मध्ये सुरू झाली आणि तिच्यासाठी त्याच वर्षी वेलिंग्टन इथे छोटं जलविद्युत केंद्र बांधलं गेलं. सोनं फार पातळ निघालं, त्यात युद्ध आलं, आणि १९४२मध्ये खाण बंद पडली. तीन वर्षांचा खेळ. याच परिसरात पिचब्लेंड हे काळं, जड युरेनियम खनिज १९३०च्या दशकातच दिसलं होतं. पण तेव्हा त्याच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही.

हिरोशिमानंतर चित्र पालटलं. एल्डोराडो ही कंपनी मुळात गिल्बर्ट लाबीन या खनिजशोधकाची. १९३०मध्ये त्याला ग्रेट बेअर सरोवराकाठी पिचब्लेंड सापडलं होतं. महायुद्धात, १९४४मध्ये, कॅनडा सरकारनं ही कंपनी ताब्यात घेतली. १९४६पासून एल्डोराडोची माणसं बीव्हरलॉजच्या परिसरात खनिज शोधत होती आणि १९५३मध्ये तिथली खनिज-प्रक्रियेची गिरणी सुरू झाली. लाबीननं पुढे स्वतःसाठी क्रॅकिंगस्टोन द्वीपकल्पावर गनर ही खाण काढली. १९५५मध्ये तीही चालू झाली. देशभरातून माणसं लोटली. त्यांना राहायला म्हणून १९५२मध्ये युरेनियम सिटी आखली गेली. नकाशा क्युबेकमधल्या आर्व्हिडा या अॅल्युमिनियमच्या कारखान्यासाठी वसवलेल्या नगराच्या धर्तीवर बेतला. ओसाड पडलेल्या गोल्डफील्ड्समधल्या इमारती हिवाळ्यात उचलून, गोठलेल्या पाण्यावरून ओढत नव्या शहरात आणल्या. उन्हाळ्यात फोर्ट मॅकमरेकडून अथाबास्का नदीतून तराफे येत आणि जवळच्या बुशेल बंदरात माल उतरवत.

हे युरेनियम गेलं कुठे? सुरुवातीची बहुतेक सगळी वर्षं अमेरिकेच्या अण्वस्त्रांकडे. खासगी खाणींचंही युरेनियम एल्डोराडोमार्फतच विकलं जाई. म्हणजे या सरोवराकाठच्या प्रत्येक टनाचा व्यवहार कॅनडाच्या केंद्र सरकारच्या हातून होत होता. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे तिचं काम आहे. याच काळात कॅनडानं भारताला सायरस अणुभट्टी दिली आणि १९६०मध्ये ती मुंबईत तुर्भ्याला सुरू झाली. तिच्यातून मिळालेलं प्लुटोनियम १९७४च्या पोखरण चाचणीत वापरलं गेलं. त्यामुळे कॅनडानं भारताशी अणुसहकार्य तोडलं. ते पुन्हा जुळून २०१५मध्ये कॅमेको या कंपनीनं भारताला तीन हजार टनांहून अधिक युरेनियम पुरवायचा करार केला. कॅमेको म्हणजे एल्डोराडो आणि प्रांताची खाण-कंपनी यांच्या १९८८मधल्या विलीनीकरणातून झालेली कंपनी. तिच्या सॅस्कॅचेवानमधल्या खाणी याच सरोवराच्या परिसरातल्या अथाबास्का खोऱ्यात आहेत.

पहिला फटका बसला तो अमेरिकेनं १९५९मध्ये नवे करार नाकारले तेव्हा. साठच्या दशकाच्या सुरुवातीला खाणी एकेक करून बंद झाल्या. गनरचं खनिज संपलं आणि १९६४मध्ये खाणीचा प्रचंड खड्डा आणि सरोवर यांच्यामधला खडक फोडून पाणी आत सोडण्यात आलं. खड्डा भरला. गनरची वेगळी वसाहत होती, तीही रिकामी झाली. युरेनियम काढून उरलेल्या खनिजाचा लाखो टन गाळ उघड्यावर तसाच पडून राहिला. कंपनीनं पाठ फिरवली आणि कालांतरानं ती कंपनीच उरली नाही.

युरेनियम सिटी एल्डोराडोच्या जिवावर तगली. सत्तरच्या दशकात अणुवीजकेंद्रांची मागणी वाढली तशी पुन्हा भरभराट झाली. कंपनीनं विस्ताराचे बेत जाहीर केले, नवी घरं झाली, नवी माध्यमिक शाळा उभी राहिली. तिला नाव दिलं कॅनडाच्या अणुभट्टीचं, कॅन्डू. लोकांनी भरवशानं पैसे गुंतवले. अथाबास्का खोऱ्यातच मात्र दुसरी गोष्ट घडत होती. रॅबिट लेक, क्लफ लेक, की लेक इथे बीव्हरलॉजपेक्षा कितीतरी श्रीमंत साठे सापडले होते, तेही जमिनीच्या वरच्या थरात. बीव्हरलॉजच्या एक टन खनिजात युरेनियम दोनेक किलो निघे आणि त्यासाठी खोल भुयारात उतरावं लागे. त्यात १९७९मध्ये अमेरिकेत थ्री माइल आयलंडच्या अणुवीजकेंद्रात अपघात झाला आणि युरेनियमचा भाव घसरू लागला.

३ डिसेंबर १९८१ रोजी एल्डोराडोनं जाहीर केलं की ३० जून १९८२ला खाण बंद होईल. शहराला सात महिन्यांचीही मुदत मिळाली नाही. त्यातले बहुतेक महिने बर्फाचे होते, म्हणजे जड सामान हलवायचं तर जलमार्ग बंद. हप्त्यानं घर घेतलेल्या माणसाला ते विकायचं कुणाला? त्या शहरात घर घेणारा एकही माणूस उरला नव्हता. लोक पेट्या भरून विमानानं गेले, जे नेता येईना ते तिथेच सोडून गेले. नवी कोरी कॅन्डू शाळा १९८३मध्ये बंद झाली. त्याच सुमाराला नगरपालिकेचा दर्जाही गेला आणि कागदोपत्री युरेनियम सिटी 'उत्तरेकडची वस्ती' झाली. खाण तोट्यात होती हे मान्य. तोट्यातली खाण सरकारनं कायम चालवावी असं कुणीच म्हणणार नाही. पण एकीकडे विस्ताराचे नकाशे दाखवायचे, माणसांना घरं घ्यायला लावायची, आणि मग ऐन हिवाळ्यात नोटीस द्यायची, हे सरकारी मालकीच्या कंपनीला शोभणारं नव्हतं.

तरीही गाव बेचिराख झालं नाही. जे उरले त्यांतले बहुतेक मेटी आणि डेने कुटुंबांतले. मेटी म्हणजे फरच्या व्यापाराच्या काळात युरोपीय आणि मूळ रहिवासी यांच्या संबंधांतून घडलेला समाज. या लोकांतले काही खाणीत काम करत होते, पण त्यांचं इथलं असणं खाणीवर अवलंबून नव्हतं. जाळी टाकायला सरोवर होतं, सापळे लावायला जंगल होतं, काठाकाठानं नातेवाईक पसरलेले होते. पगार थांबला तरी यातलं काहीही थांबलं नाही. लोकसंख्येचा आलेख पाहणाऱ्याला ही माणसं शहर गेल्यावर मागे राहिलेला गाळ वाटतात. मला ते उलट दिसतं. तीस वर्षं येऊन राहिलेला पाहुणा गेला आणि घरची माणसं घरात राहिली. शिकार आणि मासेमारीसोबत आज विमानतळ, रस्त्यांची निगा, जुन्या खाणींची सफाई, उन्हाळ्यात येणाऱ्या मासेमारांची वाटाड्येगिरी अशी कामं थोड्यांना मिळतात. सोयी मात्र कमी होत गेल्या. इस्पितळ २००३मध्ये बंद झालं आणि त्याच्या जागी सगळ्या प्रदेशासाठी नवं आरोग्य केंद्र स्टोनी रॅपिड्स या गावाजवळ झालं. तिकडे जायचं तर विमान हवं.

वीज मात्र भरपूर आहे. सोन्यासाठी १९३९मध्ये बांधलेलं वेलिंग्टन केंद्र, त्याच्या जोडीला वॉटरलू आणि १९८०मध्ये पूर्ण झालेलं शार्लट नदीवरचं केंद्र, ही तिन्ही खाणीच्या गरजेपोटी उभी राहिली. खाण गेली, नद्या वाहतच राहिल्या. प्रांताच्या वीज कंपनीनं ही केंद्रं चालू ठेवली आणि तारा लांबवून त्यांची वीज सरोवराच्या पलीकडच्या वस्त्यांना आणि नव्या खाणींना दिली.

या नव्या खाणींनी एक धडा घेतला. रॅबिट लेकपासून सिगार लेकपर्यंत एकीनंही गाव वसवलं नाही. कामगार विमानानं येतो, आठवडा किंवा दोन आठवडे बारा-बारा तासांची पाळी करतो, कंपनीच्या बराकीत झोपतो, आणि विमानानं घरी परततो. कंपनीला हे स्वस्त पडतं, आणि खाण बंद झाली की रिकामं शहर गळ्यात पडत नाही. अथाबास्काच्या वस्त्यांतून कामगार उचलले जातात, हा याचा खरा लाभ आहे. फॉन-डू-लाकचा माणूस घर न सोडता खाणीत नोकरी करू शकतो. पण निम्मं आयुष्य घराबाहेर जातं, लहान मुलांच्या वाट्याला बाप किंवा आई अर्धाच महिना येते. आणि ज्या पैशानं एखाद्या गावात शाळा, दवाखाना उभा राहिला असता, तो विमानात बसून दक्षिणेच्या शहरांत खर्च होतो. तरीही दोन वाटांतून निवड करायचीच तर मी हीच निवडेन. मोडण्यासाठी वसवलेलं शहर कुणाच्याच हिताचं नसतं.

सरोवराच्या काठी जे विष मागे राहिलं त्याचा हिशेब अजून मिटलेला नाही. बीव्हरलॉज सरोवरात सेलेनियम आणि युरेनियमचं प्रमाण वाढलेलं आहे, आणि तिथले मासे बेतानं खावेत असा सरकारी सल्ला आहे. मासे हेच ज्यांचं रोजचं अन्न, त्यांना हा सल्ला पाळणं किती जड जात असेल! गनरच्या सफाईसाठी २००६मध्ये केंद्र आणि प्रांत यांनी करार केला. अंदाज होता सुमारे अडीच कोटी डॉलर, दोघांनी निम्मा-निम्मा द्यायचा. काम सुरू झालं, पडक्या इमारती पाडल्या, २०११मध्ये खाणीचा उंच सांगाडा खाली आणला, गाळावर मातीचा थर घालायचं ठरलं, आणि खर्चाचा अंदाज पंचवीस कोटींच्या वर गेला. केंद्र सरकारनं वाढीव खर्चातला वाटा द्यायला हात आखडता घेतला, तेव्हा २०१८मध्ये प्रांतानं न्यायालय गाठलं. माझ्या मते यात वादाला जागाच नाही. गनरचं युरेनियम केंद्र सरकारच्याच हातून विकलं गेलं. त्या काठावर आज नव्वद माणसं राहतात की नऊ हजार, यानं गाळाचं विष कमी-जास्त होत नाही. वाढलेल्या खर्चातला निम्मा वाटा केंद्रानं उचललाच पाहिजे.